सांता फेची दुसरी खेप

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

न्यू मेक्सिकोच्या राजधानीत, सांता फेमध्ये, एकदा जाऊन आलेल्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. बहुतेकांचं म्हणणं एकच: प्लाझा, लोरेटो चॅपलचा गोल जिना, जॉर्जिया ओ'कीफ म्युझियम आणि कॅन्यन रोडवरची धावती चक्कर झाली, शहर मनात भरलं, आता परत जायचंय. त्यांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही जूनमध्ये दोन दिवसांत वर लिहिलेलं सगळं पाहिलं. आता चार दिवस आहेत आणि महिना आम्हीच ठरवणार आहोत. कधी जावं? आणि पाहिलेलंच परत पाहण्यात वेळ घालवावा का? (डॅलस)

पाहिलेलं परत जरूर पाहा, फक्त वेगळ्या वेळी पाहा. सांता फे लहान शहर आहे. दुसऱ्या खेपेला ठिकाणांची यादी वाढवण्यापेक्षा महिना, वार आणि तास नीट निवडला तर तेच रस्ते नवे वाटतात.

महिन्याचं असं आहे. जुलैच्या पूर्वार्धात इंटरनॅशनल फोक आर्ट मार्केट भरतं. २००४ पासून ते म्युझियम हिलवर भरायचं, २०२३ पासून रेलयार्ड पार्कमध्ये भरतं. जगभरातले कारागीर स्वतःचा माल घेऊन येतात. कच्छमधले अजरख छापणारे आणि बांधणी करणारेही तिथे दिसतील. प्रवेशाची तिकिटं वेळेनुसार असतात, तेव्हा आधी काढून ठेवा. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी प्लाझाभोवतीच्या रस्त्यांवर सांता फे इंडियन मार्केट असतं. १९२२ मध्ये सुरू झालेल्या या बाजारात मूळ अमेरिकी कलाकार स्वतः टेबलामागे उभे असतात. उत्तम वस्तू शनिवारी सकाळच्या पहिल्या एक-दोन तासांतच जातात, कारण जाणते संग्राहक उजाडायच्या आत येऊन थांबलेले असतात. फक्त पाहायचं आणि कलाकारांशी बोलायचं असेल तर रविवारची दुपार बरी. त्या आठवड्याच्या खोल्या मात्र सहा-आठ महिने आधी घ्याव्या लागतात.

लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आधीच्या शुक्रवारी फोर्ट मार्सी पार्कमध्ये झोझोब्रा जाळतात. सुमारे ५० फूट उंचीचा हा पुतळा म्हणजे वर्षभराची मरगळ आणि दुःखं. चित्रकार विल शुस्टर यांनी १९२४ मध्ये तो पहिल्यांदा केला. लोक आपली दुःखं कागदावर लिहून त्याच्या पोटात भरायला देतात. होळी माहीत असलेल्याला तिथे फार समजावून सांगावं लागत नाही. गर्दी प्रचंड असते, म्हणून लहान मुलांना घेऊन मैदानाच्या कडेलाच थांबा.

आमची पसंती विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते १० ऑक्टोबर. पावसाळी गडगडाट संपलेला असतो, बाजारात मिरच्या भाजत असतात आणि स्की बेसिनकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर १०,००० फुटांच्या आसपास अॅस्पनची झाडं पिवळीधमक झालेली असतात. एकच अडचण: ऑक्टोबरच्या सुरुवातीला जवळच्या अल्बुकर्की शहरात बलून फिएस्टा, म्हणजे गरम हवेच्या फुग्यांचा मेळा, असतो. त्या नऊ दिवसांत तिथली हॉटेलं आणि भाड्याच्या गाड्या दोन्ही महागतात. मार्च-एप्रिल टाळा. वारा आणि धूळ असते, आणि ज्युनिपरच्या परागकणांनी ॲलर्जीवाल्यांचे डोळे-नाक वाहत राहतात.

वार-तासांचं गणित असं लावा. गुरुवारी पोहोचा. शुक्रवारी संध्याकाळी ५ ते ७ कॅन्यन रोड, कारण गॅलऱ्या नव्या प्रदर्शनांची उद्घाटनं याच वेळी करतात आणि चित्रकार स्वतः हजर असतो. शनिवारी सकाळी ८ ला रेलयार्डमधला शेतकरी बाजार. त्याला लागूनच स्थानिक कलाकारांचा बाजार भरतो. तिथून साइट सांता फे आणि २०२३ मध्ये उघडलेलं व्लाडेम कंटेम्पररी ही समकालीन कलेची दोन दालनं चालत गाठता येतात. मुलं बरोबर असतील तर मियाऊ वुल्फ या कलाकारांनी रचलेल्या भूलभुलैया-घराचं तिकीट दिवस-वेळ धरून आधी काढा. जुन्या बोलिंग ॲलीत २०१६ मध्ये उघडलेल्या या घरात फ्रिजच्या दारातून दुसऱ्या जगात शिरता येतं. तीन तास सहज जातात.

एक सकाळ पूर्ण म्युझियम ऑफ इंटरनॅशनल फोक आर्टला द्या. अलेक्झांडर जिरार्ड या डिझायनरने १९७८ मध्ये १ लाख ६ हजार वस्तू या संग्रहालयाला दिल्या. त्यांतल्या सुमारे १०,००० त्याने स्वतः मांडल्या, आणि १९८२ पासून ती मांडणी तशीच आहे. भारतातली खेळणीही त्यात आहेत. वस्तूंशेजारी चिठ्ठ्या नाहीत, दाराशी मिळणारी पुस्तिका हातात घेऊन फिरायचं. बरेचजण ती न घेताच आत जातात आणि अर्ध्या तासात गोंधळून बाहेर येतात. खाली वाकून, लहान मुलाच्या उंचीवरून पाहिलं की बाहुल्यांचे बाजार, मिरवणुका, लग्नं एकेक करून दिसू लागतात.

प्रश्न: आई-बाबा पुण्याहून येताहेत, दोघंही सत्तरीच्या पुढे, बाबांना रक्तदाबाची गोळी आहे. सांता फेची उंची त्यांना सोसेल का? आम्ही स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंय. (ह्यूस्टन)

सांता फे सुमारे ७,००० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही साधारण १,६०० फूट वर. हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा जवळपास २२ टक्के कमी असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी मिळतो. ह्यूस्टनहून थेट येणाऱ्याला पहिल्या रात्री डोकं जड होणं, झोप मोडणं, जिन्यावर धाप लागणं हे होऊ शकतं. बहुतेकांचं दोन दिवसांत ठीक होतं.

जमल्यास पहिली रात्र अल्बुकर्कीत काढा. ते पाच हजार फुटांच्या थोडं वर आहे, त्यामुळे चढ दोन टप्प्यांत होतो. तिथून सांता फे गाडीने तासाभरावर आहे. रेल रनर या आगगाडीने दीड तास लागतो आणि ती रेलयार्डमध्येच सोडते. मात्र शनिवार-रविवारी तिच्या फेऱ्या कमी असतात. पहिले २४ तास सपाटीवर, सावकाश चालणं. दारू नको, जेवण हलकं. तहान लागायची वाट न पाहता पाणी द्या, कारण हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही. नाकाच्या आत व्हॅसलीनचं बोट फिरवलं की नाक फुटत नाही. स्की बेसिनचा रस्ता पहिल्या दोन दिवसांत घेऊ नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि कोरड्या हवेत त्याचा त्रास वाढतो. बाबांची गोळी त्या जातीची आहे का आणि मात्रा बदलायची का, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. नुसतं बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.

स्वयंपाकाचं. तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. पातेल्यातला भात नेहमीच्या वेळेत उतरवला तर शितात कणी राहते. पाणी वाटीला पाव वाटी जास्त घाला आणि पाच-सात मिनिटं जास्त ठेवा. इन्स्टंट पॉटसाठी, म्हणजे विजेच्या प्रेशर कुकरसाठी, साधा हिशेब असा: २,००० फुटांच्या वर दर हजार फुटांना वेळ ५ टक्के वाढवायचा. म्हणजे सांता फेत सव्वापट. तुरीच्या डाळीला घरी १० मिनिटं लावत असाल तर तिथे १२ ते १३. राजमा-छोले रात्रभर भिजवल्याशिवाय लावूच नका. चहा उकळतो पण पावडर लवकर सुटत नाही, दोन मिनिटं जास्त द्या. आणि घरून नेलेली लोणच्याची हवाबंद पिशवी वर पोहोचेपर्यंत फुग्यासारखी टम्म होते. ती कात्रीने बेसिनमध्येच उघडा, नाहीतर तेल अंगावर येतं.

प्रश्न: मागच्या वेळी घेतलेलं पिरोज्याचं पेंडंट वर्षभरात रंग सोडू लागलं, आणि 'पारंपरिक' म्हणून घेतलेलं मडकं साच्यातलं निघालं. या वेळी फसायचं नाही. काय पाहावं? (पुणे)

सर्वांत सोपा उपाय म्हणजे करणाऱ्याच्याच हातून घ्या. प्लाझाच्या उत्तरेला पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सची लांब ओसरी आहे, तिथे भिंतीशी चादरी अंथरून मूळ अमेरिकी विक्रेते बसतात. तो संग्रहालयाचाच उपक्रम आहे. वस्तू विक्रेत्याने किंवा त्याच्या घरातल्या माणसाने हाताने केलेली असावी, तिच्यावर कारागिराची खूण असावी, असा तिथला नियम आहे आणि त्याची तपासणी होते. सकाळी जा, रोख बाळगा.

दुकानातून घ्यायचं असेल तर पावतीवर चार गोष्टी लिहून मागा: कारागिराचं नाव, जमात, धातू, आणि दगड नैसर्गिक की 'स्टॅबिलाइज्ड'. खरा दुकानदार लगेच लिहून देतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून निघा. १९९० च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे दुसऱ्या कुणाची वस्तू मूळ अमेरिकी कारागिराची म्हणून विकणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणूनच फसवणारा 'इंडियन मेड' असं लिहीत नाही, 'इंडियन स्टाइल' लिहितो. हा एक शब्द नीट वाचा.

पिरोजा म्हणजे टर्क्वॉइज हा मुळात मऊ, सच्छिद्र दगड. जसाच्या तसा दागिन्यात बसेल इतका कठीण तुकडा दुर्मीळ आणि महाग असतो. बाजारात बहुतांश दगड राळ मुरवून कठीण केलेला असतो. तोच स्टॅबिलाइज्ड. तो खराच असतो, टिकतो, फक्त तसं सांगून विकायला हवा. त्याखालचा प्रकार 'ब्लॉक'. तो बहुतेक रंगीत प्लास्टिक. आणि सर्वांत फसवा म्हणजे निळा रंगवलेला हाउलाइट हा पांढरा दगड. तुमचं पेंडंट बहुधा याच जातीचं असावं. रंग सुटणं हे त्याचंच लक्षण. खऱ्या दगडातल्या काळ्या-तपकिरी रेघांवरून नख फिरवलं तर कुठे कुठे बारीक खाच लागते. रंगवलेल्यात रेघा एकसारख्या आणि गुळगुळीत असतात, आणि भोकाशी किंवा चिरेशी रंग गडद साचलेला दिसतो. मात्र खरा नैसर्गिक पिरोजाही तेल, घाम, अत्तर आणि भांड्यांचा साबण शोषून हिरवट पडतो. कणीक मळताना अंगठी काढून ठेवा, चांदी उजळायच्या द्रावणात तो दागिना बुडवू नका.

कामाची जातकुळीही ओळखता येते. मोठा दगड आणि ठसठशीत चांदीकाम बहुधा नवाहो जमातीचं. बारीक दगडांची जडणघडण झुनी जमातीची. शिंपले आणि पिरोज्याच्या घासून केलेल्या चकत्यांच्या माळा, म्हणजे हेशी, ही केवा या प्वेब्लोची (मूळ अमेरिकींच्या जुन्या गावाची) खासियत. हेशीची माळ डोळे मिटून बोटांतून ओढा. हाताने घासलेली असेल तर रेशमासारखी सरकते.

आता मडकी. प्वेब्लोचं पारंपरिक भांडं चाकावर होत नाही. डोंगरातून माती खणायची, चाळायची, तिच्यात वाळू, ज्वालामुखीची राख किंवा जुन्या खापरांचा चुरा मिसळायचा, वळ्या करून एकावर एक चढवायच्या, वाळल्यावर खरवडायचं, पातळ मातीचा हात द्यायचा आणि ओल असतानाच गुळगुळीत गोट्याने घोटायचं. हा घोटायचा गोटा आईकडून मुलीकडे येतो. भट्टी उघड्यावर. सान इल्देफोन्सो आणि सांता क्लारा गावांची काळीभोर भांडी मुळात तांबड्या मातीचीच असतात. भाजताना विस्तवावर शेणाचा भुगा टाकून हवा कोंडतात, धुरातला कार्बन मातीत शिरतो आणि रंग काळा येतो. चकचकीत काळ्यावर फिकट काळी नक्षी ही रीत सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्टिनेझ आणि त्यांचे पती हुलियान यांनी सुमारे १०० वर्षांपूर्वी बसवली. गोट्याच्या एका चुकीच्या घाशीने किंवा भट्टीत आलेल्या वाऱ्याने महिन्याचं काम तडकतं. म्हणून मुठीत मावणाऱ्या भांड्यालाही शे-दीडशे डॉलर पडतात, आणि ते वाजवी आहेत.

परवानगी घेऊन भांडं दोन्ही हातांनी बुडाकडून उचला, काठाला धरू नका. आत बोटं फिरवा. वळ्यांचं हलकं उंच-सखल लागलं, जाडी थोडी कमी-जास्त वाटली तर हाताचं. आतून काचेसारखं सारखं, जाडी सगळीकडे एक, बाजूला साच्याची पुसट शिवण, तर ते ओतून केलेलं आणि विजेच्या भट्टीतलं. त्यावरची नक्षी हाताची असू शकते, तेव्हा स्वस्तात सजावटीला घ्यायला हरकत नाही, पण 'सिरॅमिक' आहे का हे विचारून. बुडावर नाव आणि गाव कोरलेलं असतं. घरी आणल्यावर त्यात पाणी घालू नका, ओल्या फडक्याने पुसूही नका. कमी आचेवर भाजलेली माती पाणी पिते आणि घोटाई कायमची उडते.

गालिच्याबद्दल थोडक्यात: नवाहो मागावर ताणा वर-खाली अखंड वळलेला असतो, म्हणून टोकांना झालर नसते. टोकाशी कापलेले दोरे आत खोचलेले दिसले तर ती नक्कल, बहुधा मेक्सिकोतली. नवाहो नक्षीच्या सतरंज्या भारतातही विणल्या जातात आणि तिथे विकायला असतात.

घासाघीस करू नका. दोन-तीन वस्तू घेत असाल तर एकदा नम्रपणे विचारायला हरकत नाही. उत्तर आलं की विषय संपला.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी. मागच्या वेळी चीज क्वेसाडियावर दिवस काढले. न्यू मेक्सिकोचं खरं जेवण आम्हाला मिळेल का? भाजलेली हिरवी मिरची घरी नेता येते का? (फिनिक्स)

मिळेल, आणि फार चांगलं मिळेल, फक्त चार प्रश्न विचारायचे. हिरव्या मिरचीच्या सॉसमध्ये कोंबडीचा स्टॉक किंवा डुकराचं मांस आहे का? लाल सॉस कशात शिजवलाय? राजम्यासारख्या पिंटो बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का? टॉर्टिया (पोळी) आणि सोपापिया (तळलेली फुगीर पुरी) यांच्या पिठात लार्ड आहे का? 'व्हेजिटेरियन आहे का' एवढंच विचारलं तर मांसाचा तुकडा नाही एवढ्यावर 'हो' येतं. म्हणून लार्ड आणि स्टॉक हे दोन शब्द मुद्दाम उच्चारा. टमाले, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेलं सारण भरलेलं पीठ, त्यात लार्ड बहुधा असतंच. पोसोले या मक्याच्या दाण्यांच्या रश्शात डुकराचं मांस असतं, आणि तांबूस भात बऱ्याचदा कोंबडीच्या स्टॉकमधला असतो.

उत्तरं मनासारखी आली तर निळ्या मक्याच्या टॉर्टियाचे चीज-कांद्याचे एन्चिलाडा घ्या. कोवळे दुधी-भोपळ्याच्या जातीचे तुकडे, मका आणि हिरवी मिरची यांची कालाबासितास ही परतलेली भाजी आपल्या घरच्या चवीच्या जवळची आहे. चिले रेयेनो या भरून तळलेल्या मिरचीच्या आवरणात अंडं असतं. 'रेड ऑर ग्रीन?' हा तिथे इतका नेहमीचा प्रश्न आहे की १९९६ मध्ये तो राज्याचा अधिकृत प्रश्न ठरला. दोन्ही हवे असतील तर 'ख्रिसमस' म्हणायचं. तिखटपणा जातीपेक्षा त्या दिवसाच्या मालावर ठरतो, तेव्हा 'आज कुठलं जास्त तिखट आहे' असं विचारा आणि मुलांसाठी सॉस वेगळ्या वाटीत मागा. तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, तिखट पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा आंबट साय घ्या, सोपापियाला मध लावून खा.

मिरची पोर्तुगीजांनी गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आणली, आणि तिकडे स्पॅनिशांनी मेक्सिकोतून वर रिओ ग्रान्देच्या खोऱ्यात नेली. पण तिथली हिरवी मिरची मसाल्यापेक्षा भाजी म्हणून खाल्ली जाते. भरताच्या वांग्यासारखी भाजायची, सोलायची, चिरायची.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर बाजारात जाळीचे पिंप गॅसच्या ज्वाळांवर फिरत असतात. मिरच्या उडतात, साली काळ्या होऊन फुटतात, तो वास चौकभर पसरतो. पूर्ण पोतं २५ पौंडांच्या वर भरतं. दोन-चार माणसांच्या घराला लहान पिशवी पुरे. भाजल्यावर मिरच्या पिशवीत बांधूनच देतात. त्या वाफेवर १५-२० मिनिटं राहू द्या, म्हणजे साल सुटते. त्यापुढे मात्र त्या पिशवीत ठेवू नका. गाडीच्या डिकीत बंद पिशवीतल्या कोमट मिरच्या चार-पाच तासांत आंबतात, आणि कमी आम्लाच्या अशा भाजीत विषबाधेचे जंतू वाढू शकतात. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हव्यात. सालीसकट झिपलॉकमध्ये चपट्या पसरा, रात्रभर फ्रीझरमध्ये दगड होऊ द्या, मग थंड पेटीत बर्फाबरोबर ठेवून फिनिक्सपर्यंत न्या. साल गोठल्यावर उलट सहज निघते. हातमोजे घाला. नळाखाली धुऊ नका, धुरकट चव सगळी वाहून जाते.

प्रश्न: जवळच्या प्वेब्लो गावांतले नाच बाहेरच्यांना पाहता येतात असं कळलं. तिकीट कुठे मिळतं? (नागपूर)

तिकीट नसतं, कारण तो कार्यक्रम नाही. तो विधी आहे. गावाच्या संतदिनी पाहुण्यांना येऊ देतात: सान इल्देफोन्सो २३ जानेवारी, ओहके ओविंगे २४ जून, केवा ४ ऑगस्ट, सांता क्लारा १२ ऑगस्ट, ताओस ३० सप्टेंबर. केवाच्या मक्याच्या नाचात शेकडो नर्तक एका तालात पाय टाकतात. एरवी गाव बंद असू शकतं. ताओस प्वेब्लो हिवाळ्याच्या शेवटी कित्येक आठवडे बाहेरच्यांना बंद असतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

गाभाऱ्यात जसे वागता तसं वागा. फोन गाडीतच ठेवा, कारण फोटो, ध्वनिमुद्रण, वहीत रेखाटन हे सगळं मना आहे आणि फोन काढून घेतले जातात. टाळ्या वाजवू नका. चौक मधून ओलांडू नका. नर्तकांशी बोलू नका, कीवा या गोल देवघराच्या शिडीजवळही जाऊ नका. छपरांवर आणि पुढच्या खुर्च्यांवर घरच्या माणसांचा हक्क असतो. कुणी जेवायला घरात बोलावलं तर जा, थोडं खा, आभार माना आणि लगेच उठा. मागे दुसरे पाहुणे थांबलेले असतात.

प्रश्न: सांता फे ऑपेराला दहा वर्षांच्या मुलीला नेलं तर चालेल का? (बंगळुरू)

ऑपेराची सवय नसेल तरी न्या. प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये असतात, १९५७ पासून. शहराच्या उत्तरेला ७ मैलांवरच्या या नाट्यगृहाला वर छप्पर आहे पण बाजू उघड्या आहेत. रंगमंचामागे सूर्यास्त आणि जेमेझच्या डोंगरांवरच्या विजा दिसतात. जुलैत प्रयोग रात्री साडेआठला सुरू होतो, तेव्हा मुलीला दुपारी झोपवा. अर्थ पुढच्या खुर्चीच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत येतो. रात्री पारा १३ अंशांपर्यंत उतरतो, स्वेटर आणि शाल घ्या, कडेच्या खुर्च्यांना पावसाचे शिंतोडे लागतात म्हणून रेनकोटही. छत्री आत चालत नाही, मागच्याला दिसत नाही. दोन तास आधी पोहोचून पार्किंगमध्येच गाडीमागे टेबल मांडून जेवायची तिथली रीत आहे. डबा न्या.

प्रश्न: मी वास्तुशास्त्र शिकते. सांता फेत सगळीच घरं मातीची दिसतात. ती खरोखर मातीची आहेत का? आमच्या गावाकडच्या धाब्याच्या घरांशी त्यांचं साम्य वाटलं. (औरंगाबाद)

बरीचशी नाहीत. १९५७ च्या नियमाने जुन्या भागात नव्या इमारतींनाही मातकट रंग, गोल कोपरे, सपाट छप्पर हे रूप सक्तीचं झालं. आत लाकडी सांगाडा किंवा सिमेंटचे ठोकळे आणि वरून सिमेंटचा गिलावा, अशी घरं पुष्कळ आहेत. ओळख खिडकीत आहे. खिडकीची चौकट भिंतीत हातभर आत गेलेली असेल आणि भिंतीची कड हाताला थोडी वेडीवाकडी लागत असेल तर माती. टकटक केल्यावर पोकळ वाजलं तर लाकूड.

तिथल्या अडोबी विटेचं रूढ माप १४ × १० × ४ इंच, वजन ३० पौंडांच्या वर, म्हणजे एक वीट साधारण १५ किलोची. चिकणमाती, वाळू आणि गवताचा भुसा. नुसती चिकणमाती वाळताना तडकते, नुसती वाळू एकत्र धरून राहत नाही, आणि भुसा आतली ओल एकसारखी बाहेर काढतो. साच्यातून काढल्यावर काही दिवसांनी वीट कडेवर उभी करतात, नाहीतर वरून वाळते आणि पोट ओलं राहतं. छपराला गोल तुळया, म्हणजे विगा, त्यांवर आडव्या बारीक काठ्या, वर माती. पाणी काढायला भिंतीबाहेर आलेले लाकडी कनालेस, म्हणजे आपले पन्हाळ. साम्य तुम्हाला वाटलं ते खरं आहे, कारण कमी पाऊस आणि कडक ऊन दोन्हीकडे आहे. लिंपायचं काम तिथेही पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं. त्यांना एन्हारादोरा म्हणतात. शेवटचा पातळ रंगमातीचा हात त्या मेंढीच्या कातड्याने फिरवतात.

अभ्यासासाठी ताओसच्या चार मैल अलीकडचं रांचोस दे ताओसचं सान फ्रान्सिस्को दे आसिस चर्च पाहा. समोरून नव्हे, मागून. मागच्या प्रचंड माती-टेकूंची चित्रं ओ'कीफने काढली, छायाचित्रं अॅन्सेल अॅडम्सने घेतली. १९६७ मध्ये दरवर्षीचं लिंपण वाचावं म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला गेला. सिमेंटला बारीक चिरा पडतात, त्यातून पाणी आत जातं, पण बाहेर यायला वाट उरत नाही. भिंत आतून चिखल होत राहते आणि वरचं कवच ते झाकून ठेवतं. १९७९ मध्ये ते सगळं खरवडून पुन्हा माती चढवली. आता दर जूनमध्ये गावकरी मिळून लिंपतात. जूनचा पहिला पंधरवडा साधला तर मातीत गवत किती, पाणी किती, पहिला हात किती जाड हे सगळं प्रत्यक्ष दिसतं. तेव्हा नाही जमलं तर सांता फेच्या दक्षिणेला १५ मैलांवर एल रांचो दे लास गोलोन्द्रिनास हे जुन्या वसाहतीचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. ते उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत उघडं असतं, आणि तिथे मातीच्या घुमटाकार भट्टीत पाव भाजून दाखवतात.